ग्रामपंचायतीच्या संकेतस्थळाचे पहिले पान

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ अन्वये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने ठराविक माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची आहे. पेडणे व डिचोली तालुक्यांतील ग्रामपंचायतींस संकेतस्थळ हे त्याचे सुलभ साधन होय. आरंभी एकच पान पुरे. मात्र ते ‘लवकरच येत आहे’ एवढ्यावर थांबू नये.

पानाच्या फाइलीस ‘इंडेक्स’ हे नाव द्यावे. संकेतस्थळाचा पत्ता उघडताच बहुधा तीच फाइल प्रथम दिसते. मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित करून ‘यूटीएफ-८’ ही संकेतपद्धती शिरोभागी नोंदवावी. ही नोंद राहून गेल्यास देवनागरी अक्षरांऐवजी अनाकलनीय चिन्हे उमटण्याचा संभव असतो.

पानावर कार्यालयाचा पत्ता व वेळ, ग्रामसभेची तारीख, दाखल्यांसाठी लागणारी कागदपत्रे व शुल्क, तसेच जन माहिती अधिकाऱ्याचे नाव द्यावे. गोवा राजभाषा अधिनियम, १९८७ नुसार कोकणी राजभाषा असून शासकीय प्रयोजनांसाठी मराठीचाही वापर करता येतो. म्हणून मजकूर दोन्ही भाषांत असणे इष्ट.

शेवटी, पान अद्ययावत केल्याची तारीख अवश्य घालावी. जुनी माहिती वाचून आलेल्या ग्रामस्थास एका कागदासाठी परतावे लागले, तर त्याची दिवसाची मजुरी बुडते.