काखेत कळसा, नव्वद सेकंद!

तुमच्या घरी टीव्हीचा रिमोट सापडायला किती वेळ लागतो? आमच्याकडे साधारण एक भांडण!

गंमत म्हणजे मी चाकणच्या एका कारखान्यात प्रॉडक्शनला आहे आणि शोधाशोध बंद करणं हेच माझं काम. 'फाइव्ह एस' ही जपानी शिस्त इथल्या कुठल्याही शॉपफ्लोअरवाल्याला पाठ असते. थोडक्यात काय, तर नको ते हलवा, हवं ते जागेवर ठेवा, जागा स्वच्छ राखा आणि हे रोज करा. आमच्या बोर्डावर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली आहे. पाना गायब झाला की नुसती आकृती उरते, लांबूनच कळतं. शोधण्यात गेलेला वेळ वाया गेला, असं मी सगळ्यांना ऐकवतो. घरीसुद्धा! बूट जागेवर, दप्तर जागेवर... आमचे आठ वर्षांचे चिरंजीव वैतागलेले.

एकदा सेकंड शिफ्ट संपवून मोशीला घरी आलो. झोप येईना, म्हणून यूट्यूब लावलं आणि 'फाइंडर्स कीपर्स' हाती लागला. निकेलोडियनचा १९८७ साली सुरू झालेला मुलांचा गेम शो. १९९१पासून ब्रिटनमध्येही त्याची आवृत्ती आली, सूत्रसंचालक 'आर्ट अटॅक'वाला नील ब्युकॅनन. स्टुडिओत खोट्या खोल्यांचं अख्खं घर. सूचक ओळ ऐकायची, त्यावरून वस्तू ओळखायची आणि खोलीत घुसून ती शोधायची. ड्रॉवर उपसा, उशा फेका, कोणी ओरडणार नाही! अमेरिकन शोच्या शेवटच्या फेरीत खोलीमागून खोली आणि फक्त नव्वद सेकंद. माझ्या फाइव्ह एसचे पार तीन तेरा!

सकाळी मुलाला दाखवला. रविवार होता, बाहेर पाऊस. "बाबा, आपण खेळू या. मी लपवतो, तू शोध."

आमचा वन बीएचके, इतक्या खोल्या आणायच्या कुठून? मग कपाट, शू-रॅक, बाल्कनी, फ्रिज, सगळ्यांना खोलीचा दर्जा मिळाला. बायको मोबाइलवर वेळ लावून बसली. पाच चिठ्ठ्या मी पटापट काढल्या. शेवटी अनुभव आहे राव! सहावीची ओळ त्यानं वाचली, "जे बाबा रोज जागेवर ठेवायला सांगतो, पण कधीच उघडत नाही."

शू-रॅक उपसला. खेळण्यांचा डबा उलटा केला. वेळ संपली.

त्यानं खुंटीवरचं दप्तर आणून माझ्यापुढे ठेवलं. एकदम जागेवर होतं ते! चिठ्ठी शाळेच्या डायरीत होती. सहज पानं चाळली. शिक्षकांच्या प्रत्येक निरोपाखाली बायकोची सही. माझी एकही नाही. "तुझी शिफ्ट असते ना," तो म्हणाला. तक्रार नव्हतीच त्यात. तेच जास्त लागलं.

तर मंडळी, या वीकेंडला खेळून बघा. आठ जागा, आठ चिठ्ठ्या, नव्वद सेकंद. फक्त लपवायचं काम मुलांकडे द्या आणि पसारा कितीही होवो, ओरडायचं नाही. आवरायला मग सगळ्यांनी बसायचं.

आमच्याकडे आता दर रविवारी हा कार्यक्रम असतो. आणि दप्तर? सेकंड शिफ्टहून कितीही उशिरा आलो तरी आधी ते उघडतो. डायरीत कालची सही माझी आहे.