काचेची फिल्म : उन्हाळ्याचा जोडधंदा, पण कायदा पाहून

कपाशीची शेवटची वेचणी झाली, पऱ्हाट्या उपटल्या, की मृग लागेपर्यंत घरातल्या तरुण पोरांना शेतात फारसे काम उरत नाही. नेमका त्याच दिवसांत आपल्या वर्धा जिल्ह्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि काचेवर ऊन अडवणारी फिल्म लावून देणाऱ्याची आठवण लोकांना होते. जोडधंदा म्हणून हे काम शिकण्यासारखे आहे. मात्र गाळा भाड्याने घेण्याआधी धंदा कशाच्या भरवशावर करायचा, ते ठरवा.

गाड्यांच्या काचांवर भिस्त ठेवू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०० व्या नियमाप्रमाणे समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार जायला हवा. काच कारखान्यातूनच तशी आली तर ठीक, वरून फिल्म चिकटवायची नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी बजावले. पुढे १ एप्रिल २०२१ पासून नियम बदलला आणि मर्यादा पाळणाऱ्या फिल्मला हरकत नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले. तरी काळीकुट्ट फिल्म आजही बेकायदाच. दंड झालेले गिऱ्हाईक उद्या तुमच्याच दारात भांडायला येईल. म्हणून गाडीचे काम धरण्याआधी आरटीओ कार्यालयात विचारा.

घरे, दुकाने, दवाखाने, बँका यांच्या काचांना ही अडचण नाही. आता गावोगावी सरकत्या काचेच्या खिडक्या आल्या. पश्चिमेची खिडकी दुपारभर तापते, तिथे फिल्मचा उपयोग होतो. पण खरे सांगा. उष्णता टिनाच्या छपरातून किंवा स्लॅबमधून येत असेल, तर फिल्म लावून खोली थंड होणार नाही. काचेबाहेर छज्जा किंवा ताटी असली तर ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. तो उपाय आधी सुचवा. असा सल्ला देणाऱ्यालाच गाव पुन्हा बोलावते.

काम असे चालते. फिल्म पॉलिएस्टरची असते आणि ती काचेला बहुधा आतून लावतात. आधी काच साबणाच्या पाण्याने धुवून, ब्लेडने खरडून स्वच्छ करा. कडेच्या खाचेतली माती ब्रशने काढा. मग काचेवर व फिल्मच्या चिकट बाजूवर साबणपाणी फवारा, म्हणजे फिल्म सरकवून नीट बसवता येते. रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी काढा. बोअरच्या खारट पाण्याचे डाग आत राहतात, म्हणून फिल्टरचे पाणी वापरा. पंखा बंद ठेवा, नाहीतर धूळ बसते. मे महिन्यात पाणी पटकन सुकते, तेव्हा काम सकाळीच उरका. आत थोडा धुरकटपणा दिसला तर गिऱ्हाइकाला आधीच सांगा की पूर्ण सुकायला काही आठवडे लागतात.

कडेला तडकलेल्या किंवा आत तारेची जाळी असलेल्या काचेवर ऊन शोषणारी फिल्म लावू नका. काच जास्त तापते आणि फुटू शकते. खडबडीत काचेवर तर फिल्म धड चिकटतच नाही.

नफा मापात आहे. रोल साधारण ५ फूट रुंद येतो. खिडकी ३ बाय ४ फुटांची असेल, तर ४ फुटांची बाजू रोलच्या रुंदीत धरा. ३ फूट लांबी कापावी लागेल, म्हणजे १५ चौरस फूट. उलटे धरले तर २० चौरस फूट जातील. काम मात्र १२ चौरस फुटांचेच.

सरपंच व ग्रामसेवकांनीही शाळेच्या किंवा पंचायतीच्या काचांचे काम देताना फिल्मचा नमुना, हमीपत्र आणि किती उजेड आत येतो ते पाहून घ्यावे. वर्गात अंधार झाला तर दिवसा दिवे लावावे लागतील.

पोराला आधी एक उन्हाळा वर्धा किंवा नागपूरच्या जाणत्या कारागिराच्या हाताखाली काढू द्या. जुन्या काचा आणून घरी सराव करू द्या. सलग दहा काचा बुडबुडा न राहता बसल्या, की मग कर्जाचा अर्ज घेऊन जिल्हा उद्योग केंद्रात जा.