गाडी थांबते तेव्हा

कोकणकन्या मध्यरात्रीनंतर कुठल्याशा लहान स्टेशनात क्रॉसिंगसाठी उभी राहिली आणि कानातला आवाज एकदम इतका जवळ आला, की मी दचकून तो कमी केला. वरच्या बर्थवर पडून मी अगाथा ख्रिस्तीची ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ ऐकत होते, डेव्हिड सुशेनं वाचलेली. गाडी धावत होती तोवर आवाज जवळजवळ पूर्ण वाढवला होता, तरी शब्दांची टोकं निसटत होती. आता खालच्या बर्थवरचं घोरणं, संडासाच्या दाराची कडी, कुणीतरी पिशवीची चेन ओढली ती, सगळं सुटं सुटं ऐकू यायला लागलं. आणि गोष्टीतली गाडीही नेमकी तेव्हाच थांबलेली होती.

ही कादंबरी १९३४ सालची. इस्तंबूलहून निघालेली गाडी युगोस्लाव्हियात विंकोव्ची आणि ब्रॉड या स्टेशनांच्या मधे बर्फात रुतते. शेजारच्या कुपेतून आलेल्या एका विव्हळण्यानं गुप्तहेर हर्क्यूल प्वारोला जाग येते. घड्याळात बारा वाजून सदतीस मिनिटं. घंटा वाजते, कंडक्टर दार ठोठावतो, आतून फ्रेंचमध्ये उत्तर येतं की काही नाही, चुकून घंटा दाबली. मग बेसिनमध्ये पाणी पडतं, बाहेर पावलं वाजतात, थोड्या वेळानं दारावर काहीतरी जड आदळतं. त्या रात्रीचा बराचसा पुरावा हा असा, लाकडी भिंतीपलीकडून कानावर आलेला. पुस्तक मी पूर्वी दोनदा वाचलं होतं, पण हे लक्षात आलं ते ऐकताना. वाचताना मी प्वारोकडे बघत होते. ऐकताना मी त्याच्या शेजारी अंधारात पडून होते आणि त्याच्याकडे जेवढं होतं तेवढंच माझ्याकडे होतं.

बर्फाकडे सगळे कोंडी म्हणून बघतात: कुणी आत येऊ शकत नाही, कुणी बाहेर जाऊ शकत नाही. ते खरंच आहे. पण मला वाटतं, या बर्फाचं याहून मोठं काम शांततेचं आहे. ताज्या भुसभुशीत बर्फाच्या कणांमध्ये हवेच्या असंख्य फटी असतात. आवाजाची लाट त्या फटींत शिरते आणि तिथंच विरते, परत फिरत नाही. त्यात इंजिन थांबलेलं, चाकं थांबलेली. डबा म्हणजे ऐकण्यासाठीच बांधलेली खोली झाला. हीच गाडी भरधाव असती, तर ते विव्हळणं प्वारोच्या कानापर्यंत पोचून ओळखू आलं असतं का?

बहुधा नाही, आणि त्याचं कारण आपल्या कानाच्या घडणीत आहे. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची नळी असते. ती उलगडली तर लांबी भरेल जेमतेम ३५ मिलिमीटर. तिच्यातल्या पडद्यावर प्रत्येक पट्टीची जागा ठरलेली. बारीक, उंच सूर दाराशीच उतरतात, खर्जातले पार आतल्या टोकाला. त्यामुळे खर्जाच्या लाटेला आपल्या जागी जाताना उंच सुरांच्या अंगणातून जावं लागतं आणि जाता जाता ती ते अंगणही हलवून टाकते. म्हणून गाडीचा धडधडाट माणसाच्या बोलण्यातले स, त, फ गिळतो. शब्दांची ओळख तर याच व्यंजनांवर टिकलेली असते. माझ्या इअरफोनमधून निसटत होती ती टोकं हीच. क्रॉसिंगला गाडी थांबली आणि ती परत मिळाली. ३५ मिलिमीटरच्या नळीत हे सगळं चालतं, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

मग त्या एका गळ्यातून निघणारी माणसं. स्वीडिश बाई, अमेरिकन बाई, रशियन राजकन्या, हंगेरियन सरदार, इटालियन विक्रेता. सुशे ओरडत नाही, नाटकी होत नाही. पट्टी थोडी सरकवतो, जीभ-ओठांची ठेवण बदलतो, आणि घशापासून ओठांपर्यंतच्या पोकळीचा आकार बदलला की आपल्या मेंदूला तिथं दुसरंच माणूस बसलेलं दिसतं. दोनचार वाक्यांत आपण त्याला ओळखायला लागतो, नाव उच्चारायच्या आधी. शिवाय इअरफोनमुळे दोन्ही कानांना तोच आवाज एकाच क्षणी मिळतो. डावीउजवीकडचा फरकच उरत नाही, आणि आवाज समोरून न येता थेट डोक्याच्या मधोमध बोलू लागतो. संशयित असे डोक्यात येऊन बसले, तर झोप कुठून लागणार?

छातीत धडधडत होतं ते मला जाणवत होतं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना ज्यूल व्हर्नच्या पाणबुडीच्या कादंबरीचे छोटे छोटे तुकडे ऐकवले होते. प्रत्येकानं एकटं, वेगवेगळ्या वेळी ऐकले. तरी गोष्टीतल्या त्याच त्याच जागी त्यांच्या हृदयाचे ठोके एकसारखे जलद आणि संथ होत गेले. लक्ष दुसरीकडे वळवलं, की हा मेळ ढिला पडे. म्हणजे हीच गोष्ट आत्ता दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या कुठल्या बर्थवर कुणी मन लावून ऐकत असेल, तर त्या विव्हळण्यापाशी आमची हृदयं बहुधा एकाच चालीनं चालतील. एकमेकांना न ओळखता.

आणि हे ऐकणं आजचं नाही. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेले सैनिक आणि इतर अंध वाचक यांच्यासाठी ब्रिटनमध्ये १९३५ साली बोलकी पुस्तकं निघाली. अगदी पहिल्या पुस्तकांत ख्रिस्तीचीच कादंबरी होती, ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’. तिच्यातही बंद दाराआडून ऐकू आलेल्या एका आवाजाला मोठं महत्त्व आहे, हे मला फार हृद्य वाटतं. तबकडीच्या एका बाजूवर साधारण पंचवीस मिनिटं मावत. बाजू संपली की गोष्ट जिथं असेल तिथं थांबे. खोलीत सुई खरखरत राही. मग ऐकणारा उठे, चाचपडत सुई उचले, जड तबकडी दोन्ही हातांनी उलटी करी आणि सुईनं खोबण धरेपर्यंत, त्या दाराआड कोण बोलत होतं याचा विचार करत, अंधारात उभा राही.