पोटात गोळा का येतो? : भावना, विचार, शरीर आणि वर्तन

गतवर्षी दहावीच्या गणिताच्या पेपराला आमच्या वस्तीच्या अभ्यासिकेतील एक विद्यार्थी अर्धी उत्तरपत्रिका कोरी ठेवून परत आला. वर्षभर तो नियमाने अभ्यासिकेत येत असे. सराव परीक्षांत त्याला बरे गुण मिळत. त्या दिवशी मात्र प्रश्नपत्रिका हाती पडताच तळहात घामाने भिजले, तोंडाला कोरड पडली, अक्षरे दिसत होती पण अर्थ लागेना. घरी वडील म्हणाले, "अभ्यासच केला नसेल." आई म्हणाली, "पोराला कुणाची तरी नजर लागली." मुलगा स्वतः म्हणाला, "मला डोकेच नाही." निकाल लागल्यावर त्याने अभ्यासिकेत येणे सोडले आणि पुरवणी परीक्षेला बसणार नाही, असे सांगून टाकले. तिघांचेही निदान चुकले होते. ते कसे, हे समजून घेण्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

आम्ही मानसशास्त्राचे तज्ज्ञ नाही. बँकेत लेखनिक म्हणून नोकरी करतो आणि रविवारी अभ्यासिकेत मुलांबरोबर बसतो. कला शाखेची पदवी घेताना हा विषय थोडाफार शिकलो, पुढे वाचत गेलो, एवढीच आमची शिदोरी. परंतु आम्हीही नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत स्वतःच्या गावाचे नाव सांगताना अडखळलेले आहोत. म्हणून त्या मुलाचे दुखणे आम्हांला परके वाटले नाही.

भावना एकटी येत नाही

आपल्या मराठी भाषेला ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. भीतीने पोटात गोळा येतो, काळजात धस्स होते, हातपाय गार पडतात, तोंडचे पाणी पळते. रागाने तळपायाची आग मस्तकात जाते. आनंदाने ऊर भरून येतो. म्हणजे भावना ही केवळ मनात घडणारी घटना नव्हे, हे आपल्या आजी-आजोबांनी शब्दांतच सांगून ठेवले आहे.

कोणत्याही भावनेबरोबर चार गोष्टी हलतात. एक, मनाला होणारी जाणीव. दोन, डोक्यात चाललेला विचार. तीन, शरीरातील बदल आणि चेहऱ्यावरचे भाव. चार, हातून घडणारे वर्तन. बाजेच्या विणीतील एक दोरी ओढली की बाकीच्या दोऱ्याही ताणल्या जातात, तसाच हा प्रकार आहे. यांतील पहिल्या दोरीवर आपली थेट सत्ता चालत नाही. "भिऊ नकोस" असे सांगितल्याने कोणाचीही भीती जात नाही. पण उरलेल्या तीन दोऱ्या थोड्याफार आपल्या हातात असतात. या लेखाचे सार एवढेच आहे.

शरीर काय करते?

धोका जाणवला की मेंदूतील अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग सावध होतो. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ग्रंथी ॲड्रेनलिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. हृदयाची धडधड वाढते, श्वास जलद होतो, हातापायांच्या स्नायूंकडे अधिक रक्त जाते. अशा वेळी अन्न पचविणे हे तातडीचे काम नसते, म्हणून पोटाकडचा रक्तपुरवठा घटतो आणि लाळ आटते. पोटातला गोळा आणि कोरडे तोंड यांचे मूळ येथे आहे. अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या तयारीचे सविस्तर वर्णन केले. तिलाच पुढे 'लढा किंवा पळा' असे म्हणू लागले.

ही तयारी वाघासमोर फार उपयोगाची आहे. परंतु प्रश्नपत्रिकेसमोर लढायचेही नसते आणि पळायचेही नसते, बसून लिहायचे असते. त्यातच चिंता मेंदूची जागा अडविते. हिशेब करताना आकडे तात्पुरते धरून ठेवण्याची मेंदूची जागा फार लहान असते. आमच्या भाषेत सांगायचे तर तेथे एकच खिडकी उघडी असते. "नापास झालो तर?" हा प्रश्न त्या खिडकीशी ठाण मांडून बसला, तर मागे रांगेत उभ्या असलेल्या गणिताचा नंबर लागत नाही. त्या मुलाचे डोके रिकामे नव्हते, खिडकी अडलेली होती.

विचारांचा वाटा

१८८४ साली विल्यम जेम्स या तत्त्वज्ञाने एक उलटे वाटणारे मत मांडले. आपण दुःख होते म्हणून रडतो असे नाही, तर रडतो म्हणून आपल्याला दुःख जाणवते. आधी शरीर हलते, नंतर त्याची जाणीव म्हणजेच भावना. यावर कॅनन यांनी १९२७ साली आक्षेप घेतला की, धडधड तर भीतीतही होते, रागातही होते आणि तापातही होते. मग नुसत्या धडधडीवरून कोणती भावना आहे हे माणसाला कसे कळणार?

१९६२ साली शॅक्टर आणि सिंगर या दोन मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नावर एक प्रयोग केला. जीवनसत्त्वाचे इंजेक्शन आहे असे सांगून त्यांनी काही तरुणांना ॲड्रेनलिन टोचले. धडधड होईल, हात थरथरतील, अशी कल्पना ज्यांना आधी दिली होती, ते शांत राहिले. ज्यांना काहीच सांगितले नव्हते, त्यांच्यावर शेजारी बसलेल्या माणसाच्या हसण्याचा किंवा चिडण्याचा अधिक परिणाम झालेला आढळला. पुढे हा प्रयोग पुन्हा केला गेला तेव्हा निष्कर्ष इतके स्पष्ट आले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. तरी एक गोष्ट टिकून राहिली. शरीराच्या धडधडीला आपण कोणता अर्थ लावतो, यावर पुढचे बरेच काही ठरते. "मी घाबरलो" याऐवजी "माझे अंग तयारीला लागले आहे" असे म्हणणे ही थाप नव्हे. धडधड दोन्हींत तीच असते.

अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात हाच धागा उपचारासाठी वापरला. प्रसंग आणि परिणाम यांच्या मध्ये आपली समजूत उभी असते, असे ते म्हणत. मराठी वाचकांना हा विचार कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे परिचित आहे. आमच्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न अडला, हा प्रसंग. "आता सगळे संपले, बापाला तोंड कसे दाखवू?" ही समजूत. पुढची कोरी पाने हा परिणाम. "हा अडला, पुढचा पाहू" अशी समजूत असती, तर प्रसंग तोच राहून पाने भरली असती.

परंतु येथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक भीती ही माणसाच्या विचाराची चूक नसते. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा उत्तर प्रदेशातील एका खेड्यातील अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. सहावी-सातवीच्या मुलांना त्यांनी कागदावरची कोडी सोडवायला दिली. कोणाची जात जाहीर केली नाही, तेव्हा उच्च मानलेल्या आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांत फरक दिसला नाही. मात्र सर्वांसमोर जात वाचून दाखविल्यावर खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. मुले तशीच, कोडीही तशीच. बदलली ती फक्त भोवतालची हवा. म्हणून ज्याला अपमानाचा खरा अनुभव आहे, त्याला "तुझा विचार बदल" एवढेच सांगून आपली सुटका होत नाही. हवा बदलणे हे मोठ्यांचे काम आहे.

चेहरा आणि पाहणारा

चेहऱ्यावरचे भाव आपल्यापुरते राहत नाहीत, ते समोरचा वाचत असतो. १९८५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पालकांनी लक्षात ठेवावा असा आहे. वर्षभराच्या बाळांना एका मोठ्या टेबलावर ठेवले. टेबलाच्या अर्ध्या भागावर काचेखाली खोलगट जागा दिसत होती. पलीकडे आई उभी. आईने हसरा चेहरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ बाळे काचेवरून रांगत पलीकडे गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेले नाही. काच तीच, खोली तीच. बाळांनी वाचला तो आईचा चेहरा. आपली दहावीची मुले वयाने मोठी असली, तरी पेपराला निघताना दारात कोणाचा चेहरा पाहतात, हे आपण जाणतोच.

याचा अर्थ खोटे हसावे असा मात्र नाही. दातांत पेन धरून चेहरा हसरा केला तर विनोद जास्त हसवतात, असा निष्कर्ष १९८८ च्या एका प्रयोगातून निघाला होता व तो फार गाजला. २०१६ साली १७ प्रयोगशाळांनी तो प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तसे आढळले नाही. मुखवट्याने दुःख जात नाही.

वर्तनाची गाठ

आता सर्वांत महत्त्वाची दोरी. भीती वाटली म्हणून मुलगा घरी बसला. घरी बसताच पोटातला गोळा विरघळला, बरे वाटले. हे बरे वाटणे हेच बक्षीस ठरते. टाळले की सुटका होते, हे मन शिकते आणि पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. जो टाळतो त्याला "गेलो असतो तर काय झाले असते?" याचा अनुभवच मिळत नाही. त्यामुळे भीती खोटी ठरण्याची संधीच येत नाही.

उपायही त्याच दोरीत आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. मुलगा आवडीचा खाऊ खात असताना ससा दुरून दाखविला, मग दररोज थोडा थोडा जवळ आणला. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. त्याला कोणी व्याख्यान दिले नव्हते. पावले छोटी ठेवली होती, एवढेच.

बौद्ध वाचकांना यात ओळखीचे काही दिसेल. सतिपट्ठानात काया, वेदना, चित्त आणि धम्म अशा चार अंगांनी निरीक्षण सांगितले आहे. तेथे वेदना म्हणजे दुखणे नव्हे, तर सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली जाणीव. जाणीव उठली की लगेच तिच्यामागे धावू नये, आधी ती पाहावी, ही शिकवण परीक्षेच्या बाकावरही उपयोगी पडते.

विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी

शरीराची दोरी : श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. म्हणून श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा. पाच-सहा वेळा असे केले तरी पुरे.

विचाराची दोरी : भीतीचे वाक्य कागदावर जसेच्या तसे लिहावे आणि खाली विचारावे, "हे खरे आहे काय? दुसरे काय घडू शकते?"

वर्तनाची दोरी : घड्याळ लावून, अनोळखी खोलीत, अनोळखी माणसांसमोर सराव करावा. आधी सर्वांत सोपा प्रश्न सोडवावा.

पालकांनी पेपराहून आलेल्या मुलाला "किती सुटला?" असे विचारण्याआधी पाणी द्यावे. आणि भीतीमुळे कित्येक दिवस झोप व जेवण उडाले असेल किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा मुलाच्या तोंडी आली असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. २०२२ साली सुरू झालेल्या शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक घरात लिहून ठेवावा.

आमच्या त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, हे सांगून थांबतो. आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याला अभ्यासाला ये असे म्हटले नाही, फक्त संध्याकाळी अभ्यासिकेची कुलपे उघडायला ये म्हटले. आठवड्याने तो दारापाशी बसू लागला, मग बाकावर, मग घड्याळ लावून. वडिलांशीही बोलणे झाले. पुरवणी परीक्षेच्या दिवशी ते हातगाडी बंद ठेवून मुलाबरोबर केंद्रापर्यंत चालत गेले आणि वाटेत अभ्यासाचा विषय काढला नाही. पेपर देऊन आल्यावर मुलगा आम्हांला म्हणाला, "काका, गोळा आला होता. पण मी लिहीत राहिलो."

तो उत्तीर्ण झाला, याचा आनंद आहेच. पण आम्हांला त्याच्या गुणांपेक्षा ते वाक्य मोलाचे वाटते. गोळा येणे आपल्या हाती नाही. लिहीत राहणे आहे.