एका चेहऱ्यावर धरलेला कॅमेरा

8 ऑक्टोबर 2014. दक्षिण कोरियातल्या पाजू शहरात ईएक्सआयडी हा पाच मुलींचा गट नाचत होता. पदार्पणाला अडीच वर्षं उलटून गेली होती. ‘अप अँड डाऊन’ हे त्यांचं गाणं ऑगस्टअखेर आलं आणि क्रमवारीतून घसरूनही गेलं होतं. गर्दीतल्या एका चाहत्याने गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत कॅमेरा हानी या एकाच गायिकेवर धरून ठेवला. बाकीच्या चौघी चौकटीत आल्या तर आल्या, गेल्या तर गेल्या. तो व्हिडिओ यूट्यूबवर आला, हातोहात फिरला, आणि पडलेलं गाणं पुन्हा वर चढू लागलं. 2015च्या जानेवारीत ते ‘एम काउंटडाउन’ या टीव्ही कार्यक्रमात पहिलं आलं.

अशा चित्रीकरणाला कोरियात ‘जिक्कॅम’ म्हणतात, म्हणजे स्वतःच्या हाताने थेट टिपलेलं. नवा के-पॉप गट लोकांच्या नजरेत कसा भरतो, हे समजून घ्यायचं तर सुरुवात इथून करावी असं मला वाटतं.

नव्या गटापुढची पहिली अडचण ओळखीची असते. पाच, सात, कधी तेरा जण एकाच तालावर नाचतात आणि टीव्हीचा कॅमेरा दर दोन-तीन सेकंदांनी चेहरा बदलतो. नव्या माणसाला कोण कुठला हेच कळत नाही. जिक्कॅममध्ये मात्र तीन मिनिटं एकच व्यक्ती समोर असते. मागच्या रांगेत गेल्यावर तिचे हात ढिले पडतात का, दुसरी गात असताना तिच्या चेहऱ्यावर गाणं उरतं का, सगळं दिसतं. कित्येक वर्षांची तालीम तिथे उघडी पडते. पाहणाऱ्याला एक नाव पाठ होतं आणि त्या नावामागून अख्खा गट त्याच्या घरात येतो. चाहत्यांनी सुरू केलेला हा प्रकार पुढे वाहिन्यांनीच उचलला. आता एका सादरीकरणाचे प्रत्येक सदस्यासाठी वेगळे व्हिडिओ वाहिनीच प्रसिद्ध करते.

1996मध्ये एसएम एंटरटेनमेंटने एचओटी हा गट आणला, तेव्हापासून मुलं निवडायची, वर्षानुवर्षं गाणं-नाच शिकवायचा आणि मग रंगमंचावर आणायचं ही पद्धत रुळली. दरवर्षी नवे गट डझनांनी येतात. त्यांच्यासाठी आठवड्याचे वार ठरलेले: गुरुवारी ‘एम काउंटडाउन’, शुक्रवारी ‘म्युझिक बँक’, शनिवारी ‘शो! म्युझिक कोअर’, रविवारी ‘इनकिगायो’. वाट्याला येतात जेमतेम तीन मिनिटं. म्हणून ध्रुवपदाला हाताची किंवा खांद्याची एक अशी हालचाल बसवतात, की शाळकरी मुलालाही ती एकदा पाहून जमावी.

अनेक सादरीकरणं आधीच चित्रित होतात, कधी पहाटे. चाहते अंधारात रांग लावतात, हातात गटाचा दिवा आणि अल्बम. आत तेच गाणं तीन-चार वेळा होतं आणि दरवेळी खालून सदस्यांची नावं ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या मात्रेवर पुकारली जातात. शेवटचा ठोका पडला की कॅमेरा एका चेहऱ्यापाशी थांबतो. छाती धपापते आहे, केस कपाळाला चिकटलेत, आणि त्या काही सेकंदांत नजर हलू द्यायची नाही. या क्षणाच्या मानकऱ्याला ‘एंडिंग फेअरी’ म्हणतात. कुणी डोळा मिचकावतं, कुणी नुसता श्वास घेतं. मला नुसता श्वास घेणारे जास्त लक्षात राहतात.

मोठ्या कंपनीचा रस्ता वेगळा. 22 जुलै 2022 रोजी न्यूजीन्स या गटाचा पहिला व्हिडिओ कसलीही पूर्वसूचना न देता आला आणि त्या गुपिताचीच चर्चा झाली. पण त्यांच्यामागे हाइबसारखी बलाढ्य कंपनी उभी होती. 2013मध्ये बीटीएस आले तेव्हा बिग हिट ही कंपनी लहान होती. मुलांनी पदार्पणाआधीपासूनच ट्विटरवर आणि ब्लॉगवर स्वतःचं रोजचं जगणं मांडलं. टीव्हीवरच्या पहिल्या विजयासाठी त्यांना 2015च्या मेपर्यंत थांबावं लागलं.

पण माझ्या मनातून जात नाही ती ब्रेव्ह गर्ल्सची कहाणी. त्यांचं ‘रोलिन’ 2017मध्ये आलं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. मिनयंग, युजंग, उन्जी आणि युना या चौघी लष्करी छावण्यांत कार्यक्रम करत राहिल्या. सीमेजवळच्या बेंगन्यॉन्ग बेटावर बोटीने जाऊनही त्या नाचल्या. कोरियात तरुण पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची आहे. छावणीत जुने सैनिक जाताना नव्यांच्या हवाली हे गाणं करून जात. फेब्रुवारी 2021मध्ये कुणीतरी ती छावण्यांतली दृश्यं सैनिकांच्या प्रतिक्रियांसह जोडून यूट्यूबवर टाकली. त्या सुमारास गट मोडण्याच्या बेतात होता, काही जणींनी तर राहत्या जागेतून सामानही हलवलं होतं. मार्चमध्ये चार वर्षं जुनं ‘रोलिन’ देशात पहिल्या क्रमांकावर होतं. कोरियन लोक याला ‘यॉकजुहेंग’ म्हणतात, उलट्या दिशेने धावणं.

याला निव्वळ नशीब म्हणणं मला पटत नाही. तो व्हिडिओ पुन्हा पाहा: समोर मोजके सैनिक असोत की मैदान भरलेलं असो, चौघींच्या हसण्यात तसूभर फरक नाही. नेमकं तेच लोकांनी पाहिलं. मात्र असं पाहिलं जाण्याआधी किती गट विरून जातात! अनेकांच्या हाती प्रशिक्षणाचा खर्च फिटेपर्यंत पैसाही येत नाही. 2009च्या प्रमाणित करारनाम्याने करार सात वर्षांत बांधला, ही न्यायाची गोष्ट झाली. पण सात वर्षं ही विशी-पंचविशीतली असतात.

हे आता फक्त कोरियापुरतं उरलेलं नाही. 2022मध्ये राउरकेलाची श्रेया लेंका ब्लॅकस्वान गटात गेली आणि के-पॉप गटातली पहिली भारतीय ठरली. 2025मध्ये हाइबने मुंबईत आपली शाखा काढली. आपल्याकडची मुलं उद्या तिथे निवडीसाठी रांगेत उभी राहतील. त्यांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी लखलखते व्हिडिओ जरूर पाहावेत. पण त्याआधी ब्रेव्ह गर्ल्सचे छावणीतले ते कार्यक्रम एकदा शेवटपर्यंत पाहावेत.