शॉर्टॉलबाईंचं येणं

29 नोव्हेंबर 2024 च्या आयरिश निवडणुकीत दोन ओळखीची नावं मतपत्रिकेवर नव्हती. एक लिओ वरदकर यांचं. दुसरं शेजारच्याच डब्लिन नॉर्थ-वेस्ट मतदारसंघातल्या रोशीन शॉर्टॉल यांचं. वरदकरांनी त्याच वर्षी मार्चमध्ये पंतप्रधानपद सोडत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा मालवणजवळच्या त्यांच्या मूळच्या वरद गावचा उल्लेख असलेल्या बातम्या मला पुण्या-मुंबईहून इतक्या जणांनी पाठवल्या की फोन बंद ठेवावा लागला. शॉर्टॉलबाई 1992 पासूनच्या खासदार. त्या संसदेतून गेल्याचं मात्र कुणी कळवलं नाही. कळवावं असं कुणाला वाटण्याचं कारणही नव्हतं. त्यांच्या आडनावात कोकण नाही.

मी मात्र त्यांच्याच मतदारसंघात राहिलो. ग्लासनेव्हिन, सँट्री, बॅलीमन, फिंग्लस हा उत्तर डब्लिनचा पट्टा. इथं विद्यापीठ आहे, विमानतळ जवळ, दोन मोठी रुग्णालयं हाकेच्या अंतरावर. त्यामुळे भारतीय विद्यार्थी आणि परिचारिका इथं पहिल्यापासून आहेत. माझी बायको त्या परिचारिकांतलीच एक. म्हणून हा मागोवा तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

1992 ते 2007 ही वर्षं मी भराभर उलटणार आहे. कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या शिक्षिका, डब्लिन महापालिकेच्या सदस्य, मग लेबर पक्षाच्या लाटेत संसदेत, 2002 मध्ये पक्षनेतेपदाची लढत आणि त्यात हार. देश तेव्हा श्रीमंतीच्या कैफात होता. घरांच्या किमती वाढत होत्या आणि त्या वाढतातच असं सगळे धरून चालले होते. त्या काळातली संसदीय भाषणं वाचायला बसलं तर झोप येते. बॅलीमनच्या पंधरा मजली सात टॉवरांचं पाडकाम तेव्हा सुरू होतं. 1916 च्या उठावातल्या नेत्यांची नावं दिलेले हे टॉवर साठच्या दशकाच्या शेवटी मोठ्या दिमाखात उभे राहिले आणि पुढं देशभर बदनाम झाले. त्यातला शेवटचा 2015 मध्ये पडला. टॉवर गेले, पण कबूल केलेली मेट्रो आली नाही आणि बाजारपेठेची जागा वर्षानुवर्षं ओसाड पडली. आलं ते 2009 मध्ये आयकियाचं अवाढव्य दुकान. मंदीच्या ऐन मध्यात, जेव्हा आसपासच्या घरांत नवा पाट घ्यायचीही कुणाची ऐपत नव्हती.

खरी गोष्ट सुरू होते 2008 च्या सप्टेंबरात. सरकारनं एका रात्रीत बँकांच्या जवळपास सगळ्या देण्यांची हमी घेतली आणि पुढची दहा वर्षं ती हमी सामान्य माणसानं फेडली. शॉर्टॉलबाई तेव्हा लेबरच्या समाजकल्याण विषयाच्या प्रवक्त्या होत्या. डिसेंबर 2009 च्या अर्थसंकल्पात बेकारभत्ता आठवड्याला 204.30 युरोंवरून 196 वर आला, पुढच्या वर्षी 188 वर. वीस-एकवीस वर्षांच्या नव्या बेकारांना तर शंभरावर भागवायला सांगितलं. नाताळचा जादा हप्ता बंद झाला. अंधांचं निवृत्तिवेतन आणि अपंगांचा भत्ताही त्याच कात्रीत सापडला. म्हाताऱ्यांच्या पेन्शनला मात्र हात लावला नाही. म्हातारे मतदान करतात.

या कपातीच्या विधेयकावरची चर्चा देशाला आठवते ती भलत्याच कारणानं. ग्रीन पक्षाचे पॉल गोगार्टी यांनी लेबरच्या सदस्याला भर सभागृहात अर्वाच्य शिवी हासडली, आणि मग शोध लागला की असंसदीय शब्दांच्या अधिकृत यादीत ती शिवीच नाही. महिनाभर लोक हसले. कोणाच्या भत्त्यातून किती गेले हे कोणाला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बाई तो हिशेब सांगत होत्या: काळजीवाहू बाईच्या हातात आठवड्याला किती उरतात, घरभाड्याची मदत कमी झाली की घरमालक भाडं कमी करतो की भाडेकरूला टेबलाखालून वरचे पैसे द्यायला लावतो. दुसरी गोष्ट घडत होती, हे आमच्या गल्लीत प्रत्येकाला माहीत होतं. मंत्र्यांना नव्हतं. किंवा असेल.

त्यांच्या बोलण्यात रंजकता अजिबात नव्हती. एखादा विनोद, एखादा टोमणा, पेपरवाल्यांना मथळा मिळेल असं एखादं वाक्य, काही नाही. आकडा, तारीख, खात्याचं उत्तर, त्या उत्तरातली खोट. आयरिश संसदेत लेखी प्रश्नांचा पाऊस पडतो. बहुतेक खासदार ते मतदाराला पाठवायच्या पत्रासाठी विचारतात. बाई प्रश्न विचारायच्या तो पुढचा प्रश्न तयार करण्यासाठी.

मग 2011. लेबर सत्तेत गेला आणि बाई आरोग्य खात्यात प्राथमिक सेवेच्या राज्यमंत्री झाल्या. त्या सरकारनंही कपातच केली आणि त्या दीड वर्षाचा वाटा बाईंच्याही नावावर लागतो, हे त्यांच्या भक्तांनी विसरू नये. पण त्या दीड वर्षात दोन गोष्टी झाल्या. फेब्रुवारी 2012 मध्ये त्यांच्या कारकिर्दीत दारूच्या धोरणाचा अहवाल आला: दारूला किमान दर ठरवा, जाहिरातींना आळा घाला. दारू उद्योग खवळला. कायदा व्हायला 2018 उजाडलं आणि किमान दर प्रत्यक्षात जानेवारी 2022 मध्ये लागू झाले. तेव्हा श्रेय घ्यायला जे पुढं आले, त्यांतले काही 2012 मध्ये कुठं लपले होते ते मला चांगलं आठवतं.

दुसरी गोष्ट म्हणजे राजीनामा. प्राथमिक आरोग्य केंद्रं कुठं उभारायची याची यादी गरजेच्या निकषांवर तयार झाली होती. आरोग्यमंत्री जेम्स रायली यांनी तीत आणखी ठिकाणांची भर घातली, आणि त्यांत सोर्ड्स व बालब्रिगन ही त्यांच्याच मतदारसंघातली दोन गावं निघाली. खुलासे आले, निकष बदलल्याचे कागद आले. बाईंनी सप्टेंबर 2012 मध्ये मंत्रिपद सोडलं आणि पक्षाचा संसदीय गटही. लेबरच्या नेत्यांनी त्यांना थांबवायला बोटही उचललं नाही. आपल्याकडे मतदारसंघात दवाखाना ओढून नेणाऱ्या मंत्र्याचा सत्कार होतो, त्यामुळे माझ्या घरी फोनवर हे समजावताना माझी तारांबळ उडाली. "मग त्यात चुकलं काय?" असा प्रश्न आला. लेबरवाल्यांनीही साधारण तेच म्हटलं असावं, जरा शुद्ध इंग्रजीत.

जुलै 2015 मध्ये तीन खासदारांनी मिळून सोशल डेमोक्रॅट्स हा पक्ष काढला: शॉर्टॉल, कॅथरिन मर्फी आणि स्टीफन डॉनेली. 2016 ची निवडणूक हे माझं नागरिक म्हणून पहिलं मतदान. आयर्लंडमध्ये पसंतीक्रम द्यायचा असतो. मी बाईंना पहिली पसंती दिली. त्या आमच्या मतदारसंघात पहिल्या आल्या. पक्षाच्या जागा मात्र तीनच राहिल्या आणि सहाएक महिन्यांत दोन झाल्या, कारण डॉनेली निघाले आणि पुढं फियाना फॉल पक्षात गेले. डॉनेली हे नाव लक्षात ठेवा.

त्याआधी, तीनच खासदारांच्या पक्षाच्या या बाईंकडे 2016 च्या उन्हाळ्यात आरोग्यव्यवस्थेच्या भविष्यावरच्या सर्वपक्षीय समितीचं अध्यक्षपद आलं. सरकार अल्पमतातलं होतं, म्हणून अशी समिती शक्य झाली. मे 2017 मध्ये अहवाल आला: स्लॉन्चाकेअर. दहा वर्षांची योजना. उपचार गरजेप्रमाणे मिळावेत, खिशाप्रमाणे नव्हे. सरकारी रुग्णालयांतून खासगी प्रॅक्टिस बाहेर काढायची. सुरुवातीच्या बदलांसाठी तीन अब्ज युरोंचा वेगळा निधी. ज्या देशात जवळपास निम्मी माणसं खासगी विमा काढतात, साध्या डॉक्टरकडे गेलं की पन्नास-साठ युरो मोजावे लागतात आणि रुग्ण ट्रॉलीवर रात्र काढतात, तिथं डाव्या-उजव्या सगळ्या पक्षांच्या सदस्यांना एका कागदावर आणणं ही त्या दशकातली सर्वात मोठी संसदीय कामगिरी होती, असं माझं मत आहे. बायको रात्रपाळीहून आली की ट्रॉलींचा आकडा सांगायची. नोकरभरतीवर 2009 पासून काही वर्षं बंदी होती, निम्मी पथकं ऑस्ट्रेलियाला गेलेली. तिला तो अहवाल दाखवला तेव्हा ती म्हणाली, "छान आहे. आता हे करणार कोण?"

अहवाल आल्यानंतर दोनच आठवड्यांनी वरदकर पंतप्रधान झाले. आमच्या मराठी मंडळींत पेढे वाटले गेले. मीही खाल्ला. समलिंगी, स्थलांतरिताचा मुलगा, वय अडतीस: आयर्लंडच्या दृष्टीनं ती खरोखर मोठी घटना होती आणि 2018 च्या गर्भपात सार्वमताच्या वेळी त्यांनी घेतलेली भूमिकाही मोलाची. पण पेढे वाटताना कुणी त्यांचे आधीचे दोन महिने पाहिले नव्हते. समाजकल्याण मंत्री या नात्यानं त्यांनी एप्रिल 2017 मध्ये सुमारे दोन लाख युरो खर्चून देशभर फलक लावले होते: भत्ते लाटणारे आपल्या सगळ्यांना लुबाडतात, अशा अर्थाचे. बसवर, रेडिओवर, सगळीकडे. लबाडीला आळा घालून पन्नास कोटी युरो वाचवल्याचा दावा होता. प्रत्यक्ष लबाडीचा वाटा त्यात फारच छोटा होता. मग नेतेपदाच्या प्रचारात त्यांनी सांगितलं की आपण सकाळी लवकर उठणाऱ्यांचे प्रतिनिधी आहोत. माझी बायको सकाळी आठला झोपायची. ती कोणात मोडते हे आम्हाला कळलं नाही.

घरांचं तर विचारूच नका. 2015 मध्ये देशभरातल्या सगळ्या स्थानिक संस्थांनी मिळून स्वतः बांधलेली घरं शंभराच्या आत होती. डिसेंबर 2016 मध्ये भाडेवाढीवर वर्षाला चार टक्क्यांची मर्यादा आली, पण मोठी दुरुस्ती केली की मर्यादा सुटते अशी पळवाट ठेवून. आमच्या घरमालकानं पुतण्याला राहायचंय म्हणून आम्हाला नोटीस दिली. पुतण्या आलाच नाही, तेच घर वाढीव भाड्यानं जाहिरातीत दिसलं. असं झालेले आम्ही एकटे नव्हतो. डिसेंबर 2019 मध्ये सोशल डेमोक्रॅट्सनी गृहनिर्माणमंत्र्यांवर अविश्वास ठराव आणला. 53 विरुद्ध 56 नं तो पडला. 35 जण तटस्थ बसले. सरकार वाचवण्यासाठी तटस्थ बसणं हे तेव्हा जबाबदारीचं लक्षण मानलं जायचं. त्याच महिन्याच्या अखेरीला वरदकर वरद गावी आले, ढोल वाजले.

त्यानंतरची वर्षं मी पुन्हा भराभर सांगतो, कारण त्यांत नवं फार थोडं आहे. 2020 मध्ये आरोग्यमंत्री कोण झाले? स्टीफन डॉनेली. बाईंच्या अहवालाची अंमलबजावणी बाईंना सोडून गेलेल्या माणसाकडे. 2021 च्या सप्टेंबरात स्लॉन्चाकेअर राबवणाऱ्या वरिष्ठांनी पाठोपाठ राजीनामे दिले. तरी काही हाती लागलं: फक्त सरकारी काम करणाऱ्या तज्ज्ञांचा नवा करार, आणि एप्रिल 2023 मध्ये सरकारी रुग्णालयात भरती झाल्यावर द्यावे लागणारे रोजचे 80 युरो बंद. माझ्या ओळखीच्या किती जणांना हे कोणामुळे झालं ते ठाऊक आहे? बाईंचा दोषही इथंच आहे. काम केलं की लोकांना कळतं, असा त्यांचा शिक्षकी समज होता. कळत नाही.

2024 च्या निवडणुकीआधी सरकार सांगत होतं की वर्षअखेर चाळीस हजारांच्या आसपास घरं पूर्ण होतील. निवडणूक जिंकली, जानेवारीत खरा आकडा आला: 30,330. कुणाची खुर्ची गेली नाही. जून 2025 मध्ये जाहीर झालं की मार्च 2026 पासून भाडेकरू आपणहून सोडून गेला की नव्या करारात घरमालकाला बाजारभावानं भाडं लावता येईल. सरकारी तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्यांची संख्या 2025 मध्ये सोळा हजारांच्या वर गेली. 2014 मध्ये ती तीन हजारांच्या आसपास होती.

आणि मग 2025 चा जुलै. टॅला उपनगरात एका भारतीय माणसाला खोटा आळ घेऊन मारहाण झाली, त्याचे कपडे काढले. ऑगस्टच्या पहिल्या दिवशी भारतीय दूतावासाला आपल्या लोकांना जपून राहण्याची सूचना काढावी लागली. भारत दिनाचा सोहळा पुढं ढकलला गेला. आमच्या मंडळींत एकदम सगळे राजकारण बोलू लागले. हे अचानक आलेलं नाही, एवढंच मी म्हणत होतो. घरं कमी पडली, दवाखान्यात रांग लागली, की माणूस कोणीतरी लबाड शोधतो. 2017 मध्ये सरकारनं स्वतःच्या खर्चानं फलक लावून तो शोधायला शिकवलं. तेव्हा बोट भत्ता घेणाऱ्या गरिबाकडे होतं. आता ते आमच्याकडे वळलंय. घरं का नाहीत, हे आकड्यांनिशी सांगणारी माणसं विरोधी बाकांवर बसून घसा कोरडा करत होती, तेव्हा आम्ही पेढे खात होतो.

बाईंच्या जागेवर त्यांच्याच पक्षाचे रोरी हर्न निवडून आले आहेत. घरटंचाईवर पुस्तकं लिहिलेला हा अभ्यासक आता लेखी प्रश्न विचारतो. त्या निवडणुकीत पक्षाला अकरा जागा मिळाल्या. स्लॉन्चाकेअरची दहा वर्षं मे 2027 मध्ये संपतात.

आयर्लंडमधल्या मराठी वाचकांना एकच सांगायचं आहे. नागरिकत्व मिळालेलं नसलं तरी इथं राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाला स्थानिक निवडणुकीत मत देता येतं, आणि आपल्यातल्या बहुतेकांनी यादीत नावच घातलेलं नाही. पुढची स्थानिक निवडणूक 2029 मध्ये आहे. नाव घाला, आणि उमेदवार दारात आला की त्याचं गाव विचारू नका, घरांचं काय करणार ते विचारा.