आठ फुटांचा हिशेब

कवी माणूस गोल्फवर काय बोलणार, असे तुमच्या मनात आले असेल. गोल्फ हा साहेबांचा खेळ, ही आपली समजूत. ती अगदीच खोटी म्हणता येणार नाही. मुंबईत १८४२ साली गोल्फचा क्लब निघाला तो साहेबांनीच काढला. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७चा. पण इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हा मूळचा दिल्लीच्या मैदानावरचा कॅडी, म्हणजे दुसऱ्याच्या काठ्यांची पिशवी वाहणारा पोरगा. ते वर्ष १९९१. १९९३ साली त्याने ती स्पर्धा पुन्हा जिंकली.

मी राहतो जांभूळला. बारवी धरणाचे पाणी जिथे शुद्ध होऊन आसपासच्या शहरांना जाते, ते आमचे गाव. महिन्यातून एखाद्या रविवारी अंबरनाथला लोकल धरायची, कुर्ल्याला गाडी बदलायची आणि मुंबईतल्या एका क्लबात मित्राचा पाहुणा म्हणून हजर व्हायचे, हा माझा बरीच वर्षे चाललेला शौक.

क्लबातली खरी गंमत खेळ संपल्यावर चहाच्या टेबलावर असते. तिथे सगळ्यांचे रडगाणे एकच : ‘आज पट गेले नाहीत हो!’ दोनशे यार्डांवरून चेंडू झाडीत घातला त्याचे कुणाला दुःख नसते. सहा फुटांवरून होल हुकला, ही गोष्ट मात्र घरी जेवताना बायकोलाही ऐकावी लागते.

पट म्हणजे काय, ते सांगतो. होलभोवती बारीक कापलेल्या गवताचा जो तुकडा असतो, ते ग्रीन. त्यावर चेंडू उडवायचा नसतो, पटर नावाच्या चपट्या काठीने जमिनीवरून घरंगळवायचा असतो. अठरा होलच्या मैदानावर चांगल्या खेळाडूने ७२ फटके घ्यावेत असे धरले, तर त्यातले ३६ पटचे असतात, दर होलला दोन. हिशेबाने निम्मा खेळ इथेच आहे. पोरासोरांनाही जमेल असा दिसतो, म्हणून तो चुकला की अपमान वाटतो.

आता आकडे बघा. अमेरिकेतल्या प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी तिथल्या व्यावसायिक स्पर्धांतले लाखो फटके मोजून २०१४ साली पुस्तक लिहिले. जगातले हे सर्वोत्तम खेळाडू आठ फुटांवरून किती पट घालतात? शंभरात पन्नास. दहा फुटांवरून चाळीस, वीस फुटांवरून पंधरा, आणि तीस फुटांवरून जेमतेम सात. आपल्यासारख्या, नव्वद फटक्यांत फेरी संपवणाऱ्या हौशी माणसाचे निम्मे पट पाच फुटांवरूनच हुकतात. टीव्हीवर आपल्याला मुख्यतः आत गेलेले दाखवतात, म्हणून आपला समज बिघडतो. मुशायऱ्यात दाद मिळालेला शेर लोकांच्या ओठांवर राहतो. त्याच गझलेतले बाकीचे चार शेर कवीलाच ठाऊक असतात.

असे का होते? होलची रुंदी सव्वाचार इंच. आठ फुटांवरून दिशा सव्वा अंशाहून थोडी अधिक चुकली की चेंडूचा मध्य होलच्या कडेबाहेर गेला. वीस फुटांवरून ही सवलत उरते अर्ध्या अंशाची. दिशा बरोबर आणि वेग जास्त, तरी चेंडू कडेवरून उडी मारून पुढे. त्यात उतार आहे, सकाळचे दव आहे, गवत कोणत्या बाजूला झुकले आहे ते आहे, आणि आपल्या आधी गेलेल्यांच्या बुटांचे ठसे आहेत. हात अगदी नेमका चालला तरी यांतले काही आपल्या हातात नाही.

उतार ओळखायची युक्ती मला एका म्हाताऱ्या कॅडीने शिकवली. ‘साहेब, इथं बादलीभर पाणी ओतलं तर कुठं पळेल ते बघा.’ पावसाळ्यात ज्याच्या अंगणात पाणी शिरते त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. लांबच्या पटबद्दलही तो म्हणाला, ‘आत घालायला जाऊ नका. होलभोवती घमेलं ठेवलंय समजा, त्यात थांबवा.’ माझे तीन-तीन पट घेणे त्यानंतर पुष्कळ कमी झाले.

थोरांचीही हीच गत. १९७० साली सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या होलवर डग सँडर्सला तीनेक फुटांचा पट घालायचा होता. गेला असता तर विजेता तोच. तो हुकला आणि दुसऱ्या दिवशी जादा फेरीत जॅक निकलस जिंकला. रोरी मॅकिलरॉयने २०२४च्या यूएस ओपनमध्ये शेवटच्या तीन होलवर दोन छोटे पट चुकवले आणि एका फटक्याने हरला. पुढच्या वर्षी मास्टर्समध्ये अठराव्या होलवर पाचेक फुटांचा पुन्हा हुकला. थोड्याच वेळात जादा होलसाठी तो त्याच ग्रीनवर परत आला, चार फुटांच्या आतबाहेरचा पट घातला आणि जिंकला. मधल्या वेळात तो अपमान उगाळत बसला असता तर?

हे मी हौसेने सांगत नाही. माझा तो मित्र, निवृत्त इंजिनिअर, दोन वर्षांपूर्वी खेळ सोडायला निघाला होता. छोट्या पटवर त्याचा हात थरथरू लागला. चिडचिड इतकी की वीस वर्षे एकत्र खेळणारे चौघे मोडायच्या बेताला आले. एकाशी तर त्याचे बोलणेच बंद झाले. मी त्याला म्हटले, ‘अरे, तू आयुष्यभर मोजमापे घेतलीस, हेही मोज की!’ त्याने खिशात वही ठेवली. पाच फुटांवरचे पट, गेलेले आणि हुकलेले, नुसते लिहून काढले. महिन्याअखेर बेरीज केली : ४३ पैकी २०. म्हणजे त्याच्या दर्जाच्या खेळाडूला जेवढे जायला हवेत, जवळपास तेवढे जात होते. स्वारी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसली.

हात अजून कधीमधी थरथरतो. बोलणे बंद झालेला गडी चौकडीत परतला आहे. वही चालू आहे. दोन फुटांचा पट मात्र ‘सोडून द्या रे, हा धरून चाला’ म्हणून अजूनही मागून घेतो, आणि आम्ही देतो.